सुट्या भागांचे वाद्य

अमेरिकेतल्या चित्रपटगृहांसाठी बांधलेल्या पाइप ऑर्गनच्या आयुष्याचा हिशेब मांडायला बसले तर तो विचित्र निघतो. वुर्लिट्झर कंपनी या धंद्यात उतरली १९१० मध्ये आणि १९२७ ते १९३० या तीन वर्षांत बोलपटाने तो धंदा बुडवला. म्हणजे ज्या कामासाठी हे वाद्य जन्माला आले, ते काम त्याला जेमतेम वीस वर्षे मिळाले. उलट, पाडायला काढलेल्या थिएटरांतून ते सोडवून आणायचे, कातडे बदलायचे, तारा नव्याने ओढायच्या आणि आपल्या घरात ते उभे करायचे, हा उद्योग सुरू होऊन आता सत्तर वर्षे उलटून गेली. तरीही या वाद्याचा इतिहास सांगताना घरांची गोष्ट शेवटच्या पानावर उरकली जाते. खरे नाट्य थिएटरात घडले, नंतरची सगळी श्रीमंतांची हौस नाहीतर तंत्रवेड्यांचे खूळ, असा सूर असतो. हा हिशेब उलटा मांडला पाहिजे असे मला वाटते. हे वाद्य ज्या गुणामुळे घरापर्यंत पोचू शकले तो गुण त्याच्या अंगी पहिल्या दिवसापासून होता, आणि त्याच गुणापायी त्या काळच्या प्रतिष्ठित ऑर्गनकारांनी त्याला नाके मुरडली होती. ते कारखान्यात, सुट्या भागांतून, मापावर बनलेले वाद्य होते.

मराठी वाचकाला ऑर्गन म्हटले की संगीत नाटकाचा ऑर्गन आठवतो. बालगंधर्वांच्या पदांना साथ करणारा, पायाने भाता हलवायचा, नाटक कंपनीच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव फिरणारा. तो पत्त्यांचा ऑर्गन. भात्याने हवा ओढली जाते, पितळी पत्ती थरथरते आणि सूर निघतो. आपल्या पेटीचा तो नात्यातला. पाइप ऑर्गन ही वस्तू निराळी. त्यात प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी असते, काही नळ्या पेन्सिलीएवढ्या तर काही सोळा फुटी, आणि विजेच्या पंख्याने दाबलेली हवा त्यांत सोडली जाते. वादक बसतो तो नालाच्या आकाराचा, रंगीत पट्ट्यांनी सजलेला मंच, म्हणजे कन्सोल, हा नुसता बटणांचा फलक. आवाज निघतो तो रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना, जाळीआड दडलेल्या खोल्यांतून. या दोन ऑर्गनांत नाते असेल तर एवढेच की दोघांचा वैरी एक, बोलपट. ‘आलम आरा’ १९३१ चा, ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा, आणि १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. अमेरिकेत हाच घाव तीन-चार वर्षे आधी पडला होता.

थिएटर ऑर्गनचा जनक रॉबर्ट होप-जोन्स (जन्म १८५९, इंग्लंडमधला चेशायर) हा पेशाने टेलिफोनचा माणूस होता, आणि या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. तोवर बहुतेक ऑर्गनांत पट्टी दाबली की लाकडी काड्यांच्या साखळीने नळीखालची झडप ओढली जाई, त्यामुळे वादक आणि नळ्या एकमेकांना जखडलेल्या. होप-जोन्सने मध्ये विजेची तार आणली. पट्टी दाबली की कमी दाबाची वीज दूरच्या छोट्या विद्युतचुंबकाला जागे करते, चुंबक हवेला वाट देतो, हवा कातड्याचा इवलासा भाता मिटवते आणि झडप उघडते. बर्कनहेडच्या सेंट जॉन चर्चमध्ये १८८०च्या दशकात त्याने हे जमवले आणि कन्सोल चर्चच्या आवारात, उघड्यावर नेऊन आतला ऑर्गन वाजवून दाखवला. लोकांना ती जादू वाटली. टेलिफोनवाल्याच्या लेखी त्यात नवल नव्हते, कारण बोलणारा आणि ऐकणारा एका खोलीत असायचे कारण नाही हे त्याचे रोजचेच काम.

तार आल्यावर दुसरी युक्ती आपसूक सुचली, आणि घरांच्या दृष्टीने तीच मोलाची. पारंपरिक ऑर्गनमध्ये आठ फुटी सुराची बासरी, चार फुटी बासरी, दोन फुटी बासरी अशा वेगवेगळ्या नळ्यांच्या रांगा असत. होप-जोन्सने विचारले, रांग एकच का नसावी? एकसष्ट पट्ट्यांसाठी एकसष्ट नळ्या. त्यांना खाली-वर मिळून आणखी तीन सप्तकांच्या छत्तीस जोडल्या की सत्त्याण्णव. तारांची जोडणी बदलत राहायची आणि या एकाच रांगेतून सोळा, आठ, चार, दोन फुटी असे सगळे सूर काढायचे. दहा रांगांचा ऑर्गन असा वाजतो की ऐकणाऱ्याला पन्नास रांगा वाटाव्यात. चर्चचे ऑर्गनकार चिडले ते इथे, आणि त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. एक सूर आणि त्याचे वरचे सप्तक एकदम वाजवले की दोन्हीकडून मागणी एकाच नळीला येते. दोन गवई हवेत तिथे एक उभा राहतो, आणि भरदार समूहनादात भोके पडतात. त्यांच्या मते ही काटकसर नव्हती, लबाडी होती. होप-जोन्स स्वतः १९०३ मध्ये अमेरिकेत आला, न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरात त्याने कंपनी काढली, ती चालली नाही, १९१० मध्ये वुर्लिट्झरने ती हक्कांसकट विकत घेतली, आणि मालकांशी न पटलेल्या या माणसाने १९१४ मध्ये आत्महत्या केली. त्याची कल्पना मात्र वुर्लिट्झरच्या नॉर्थ टोनावांडाच्या कारखान्यात भरभराटीला आली.

त्या कारखान्याने मग दोन हजारांहून अधिक थिएटर ऑर्गन बाहेर काढले. १९२६च्या सुमारास तर जवळपास रोज एक. चर्चचा ऑर्गन त्या वास्तूसाठी मापे घेऊन बांधला जाई. इथे नमुने ठरलेले होते. ‘स्टाइल डी’ म्हणजे दोन स्वरपट्ट्या (कीबोर्ड) आणि सहा रांगा, ‘स्टाइल २६०’ म्हणजे तीन स्वरपट्ट्या आणि पंधरा रांगा. थिएटरमालकाने खुर्च्यांची संख्या सांगावी, विक्रेत्याने नमुना सुचवावा. वाऱ्याच्या पेट्या, कातडी भाते, चुंबक, कंपन देणारी यंत्रे, झायलोफोन, ढोल, घुंगरे, मोटारीचा भोंगा आणि घोड्याच्या टापा काढणारी ‘खेळण्यांची पेटी’, सगळे ठरल्या मापाचे, स्क्रूने जोडलेले, रेल्वेने पाठवण्याजोगे. प्रत्येक रांगेखालची फळी वेगळी उघडते आणि आतली यंत्रणा हाताशी येते. कारागिराच्या दृष्टीने ही शिलाई यंत्रांची विद्या झाली, वाद्यांची नव्हे. पण एका ऑर्गनमधला निकामी भाग दुसऱ्या ऑर्गनच्या भागाने बदलता येणे, आणि संपूर्ण ऑर्गन उलगडून पुन्हा उभा करता येणे, या दोन गोष्टी या हिणवल्या गेलेल्या विद्येनेच शक्य केल्या. एका वास्तूसाठी, तिच्या दगडांशी सूर जुळवून बांधलेला चर्चचा ऑर्गन जागेवरून हलवणे म्हणजे म्हातारे झाड उपटून लावण्यासारखे असते. वुर्लिट्झरची गोष्ट कुंडीतल्या झाडाची होती.

कुंडी उचलायची वेळ लगेच आली नाही. बोलपटानंतरही मोठ्या थिएटरांत मध्यंतराला ऑर्गन वाजत राहिला. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये तर अठ्ठावन्न रांगांचा, दोन कन्सोलांचा अवाढव्य ऑर्गन बसला, धंदा बसल्यावर! ब्रिटनमध्ये बीबीसीच्या प्रसारणांमुळे आणि ब्लॅकपूलच्या टॉवर बॉलरूममधल्या रेजिनल्ड डिक्सनमुळे या वाद्याला आणखी काही दशके मिळाली. अमेरिकेत मात्र बहुतेक ऑर्गन मुके झाले. पाऊस छतातून नळ्यांवर गळत राहिला, उंदरांनी कातडे खाल्ले. दुसऱ्या महायुद्धानंतर टेलिव्हिजन आला, मोटारी उपनगरांकडे वळल्या, आणि शहरांच्या मध्यभागातली तीन-चार हजार खुर्च्यांची थिएटरे जागेच्या भावाने विकली जाऊ लागली. पाडकाम करणाऱ्या ठेकेदाराला ऑर्गन म्हणजे अडचण. शिसे-जस्ताच्या नळ्यांना भंगाराचा भाव येई. अशा वेळी जे लोक टेम्पो घेऊन दारात उभे राहिले ते बहुधा संगीताच्या शाळेतले नव्हते. चुंबक, रिले, तारांचे जुडगे ज्यांना भीतिदायक वाटत नाहीत अशी ती माणसे होती. होप-जोन्सने वाद्यात टेलिफोन घातला होता; त्याची भाषा कळणारे वारस त्याला चाळीस वर्षांनी मिळाले. फेब्रुवारी १९५५ मध्ये लॉस एंजलिसच्या टोलुका लेक भागात रिचर्ड सायमंटन यांच्या घरी अशा मंडळींची बैठक झाली आणि आजची अमेरिकन थिएटर ऑर्गन सोसायटी जन्माला आली. सायमंटन यांच्या घरात छत्तीस रांगांचा वुर्लिट्झर होता आणि तळघरात छोटे चित्रपटगृह. संस्थेचा जन्म कुठल्या थिएटरात न होता घरात व्हावा, हा मला योगायोग वाटत नाही.

ऑर्गन घरी आणणे म्हणजे काय, हे कामाच्या अंगाने पाहिले की माझा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. आधी उलगडणी. प्रत्येक नळीवर सुराची खूण असतेच, तरी नळ्या क्रमाने लाकडी पेट्यांत भराव्या लागतात, कारण शिशाची नळी वाकली की तिचा गळा गेला. कन्सोलपासून खोल्यांपर्यंत गेलेला हजारो तारांचा केबल बहुधा कापावाच लागतो. मग घरी हवेची सोय. थिएटरचा पंखा अनेकदा तीन-फेजचा, घरात एकच फेज. म्हणून परिवर्तक बसवायचा, आणि पंख्याचा गडगडाट दिवाणखान्यात येऊ नये यासाठी तो तळघरात किंवा वेगळ्या शेडमध्ये ठेवून तिथून मोठ्या नळकांड्याने वारा आणायचा. नळ्यांसाठी दोन खोल्या, जाड भिंतींच्या. त्यांच्या तोंडाशी उभ्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा, ज्या वादकाच्या पायाखालच्या पायटीने उघडतात-मिटतात. आवाज लहान-मोठा होतो तो या झडपांनीच, नळीला स्वतःचा आवाज कमी करता येत नाही. सोळा फुटी सूर छताखाली मावत नाहीत अशी शंका येते, पण वरचे टोक बंद केलेली नळी अर्ध्या लांबीत तोच सूर देते, आणि उघड्या नळीला कोपरा करून वाकवण्याची रीत ऑर्गनकारांत जुनीच आहे.

यापेक्षा चिकाटीचे काम कातड्याचे. दहा रांगांच्या ऑर्गनमध्ये नळ्या सात-आठशेच्या घरात, आणि जवळजवळ प्रत्येकीमागे एक छोटा भाता. त्यांचे कातडे चाळीस-पन्नास वर्षांत विरते; कोळशाच्या धुराने भरलेल्या शहरांत तर गंधकाने ते लवकरच भुसभुशीत केले. तेव्हा प्रत्येक भाता सोडवायचा, जुने कातडे काढायचे, लाकूड घासायचे, नवे पातळ कातडे कापून चिकटवायचे, तपासायचे, आणि पुढचा घ्यायचा. संध्याकाळी आणि रविवारी काम करणाऱ्या माणसाची काही वर्षे यात सहज जातात. इथे एका क्षुल्लक वाटणाऱ्या पदार्थावर थोडे थांबावेसे वाटते. कारखान्याने हे सगळे चिकटवले होते सरसाने. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला, गरम करून लावायचा हा सरस उष्णतेने आणि ओलाव्याने पुन्हा सुटतो. म्हणजे बनवणाऱ्यांनी गृहीत धरले होते की कधीतरी कुणीतरी हे उघडेल. ज्या हौशी मंडळींनी घाईने आधुनिक कृत्रिम गोंद वापरला, त्यांची दुरुस्ती टिकलीही असेल, पण पुढच्या दुरुस्तीला लाकूड छिलण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. चांगली पुनर्बांधणी आणि वाईट पुनर्बांधणी यांतला भेद मी जुने-नवे असा करणार नाही. उघडता येते की नाही, असा करीन.

घरात ऑर्गन बसवण्यावरचा पहिला आक्षेप आवाजाचा. तीन हजार माणसांच्या सभागृहासाठी घडवलेला स्वर दिवाणखान्यात कसा मावेल? चर्चच्या ऑर्गनमध्ये हवेचा दाब पाण्याच्या स्तंभाने मोजला तर तीन-चार इंच असतो. थिएटर ऑर्गनमध्ये दहा इंच ही नेहमीची गोष्ट, आणि काही तुताऱ्यांना पंधरा ते पंचवीस. यावर उपाय म्हणून दाब उतरवणारे आहेत, आणि ती चूक आहे, कारण नळीचे तोंड आणि पत्तीचा बाक विशिष्ट दाबासाठीच घडवलेला असतो. दाब उतरला की सूर आणि पोत दोन्ही बदलतात. दाब तोच ठेवून जाड भिंती आणि घट्ट मिटणाऱ्या झडपांनी आवाज ताब्यात ठेवणे, हा खरा मार्ग. पण आक्षेपाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. आपण ऑर्गन म्हटले की घुमणारी दगडी वास्तू कल्पितो. गालिचे, मखमली खुर्च्या, पडदे आणि माणसांनी भरलेली चित्रपटगृहे फारशी घुमत नसत. या वाद्याची खास ओळख असलेले दाट कंपन, तिबिया नावाच्या गोल, बासरीसारख्या आवाजाला डोलवणारे, अशा कोरड्या जागेतच शोभते. दिवाणखाना लहान आहे हे खरे, परका नाही. शिवाय एक पुरावा असा की थिएटर ऑर्गनचा दिमाखदार ‘थिएटरी’ आवाज म्हणून १९५०च्या दशकात ज्या रेकॉर्ड्स घरोघर वाजल्या, त्यांतल्या जॉर्ज राइटच्या गाजलेल्या रेकॉर्ड्स रिचर्ड वॉन यांच्या घरी वाजवलेल्या होत्या. शिकागोच्या पॅराडाइज थिएटरमधला पाच स्वरपट्ट्यांचा वुर्लिट्झर त्यांनी आपल्याकडे उभा केला होता. थिएटरची आठवण ज्या आवाजाने जागवली तो आवाज घरातला होता.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि तो मला पूर्णपणे परतवता येत नाही. सुटे भाग एकमेकांना लागू होतात म्हणून वाद्य वाचले, तसेच त्याच कारणाने ते मोडलेही. एका ऑर्गनची तुतारी, दुसऱ्याचा तिबिया, तिसऱ्याचे कन्सोल असे जुळवत अनेकांनी मूळपेक्षा मोठे ऑर्गन उभे केले, आणि त्यासाठी गावोगावचे छोटे, अखंड ऑर्गन विकून विखुरले गेले. इलिनॉयमध्ये बॅरिंग्टन हिल्सला सानफिलिपो कुटुंबाच्या वाड्यातला ऐंशी रांगांचा ऑर्गन हे याचे टोक. त्याच्या गाभ्याशी ओमाहाच्या रिव्हिएरा थिएटरसाठी १९२७ मध्ये बांधलेला वीस रांगांचा वुर्लिट्झर आहे; बाकीचे नंतरचे. कारागिरीला तोड नाही. पण हे पुनरुज्जीवन म्हणायचे का? मी म्हणणार नाही. ते जुन्या भागांतून घडवलेले नवे वाद्य आहे, आणि तसे सांगितले की त्यात लाजण्यासारखे काही उरत नाही. गैर आहे ते सहा रांगांचा, कारखान्यातून निघाला तसाच राहिलेला ‘स्टाइल डी’ फोडण्यात. असे ऑर्गन एकेकाळी गावोगाव होते म्हणून कुणाला त्यांची किंमत वाटली नाही. आणि या वाद्याचा इतिहास कळतो तो राजवाड्यांपेक्षा त्यांच्यातूनच. गंमत म्हणजे सामान्य घरात मावतो तोही नेमका तोच.

तिसरा आक्षेप नैतिक. हजारो लोकांच्या तिकिटांवर उभे राहिलेले वाद्य एका माणसाच्या दाराआड का जावे? जिथे थिएटर जिवंत आहे तिथे हा आक्षेप मला मान्यच आहे. रिचमंडचे बर्ड थिएटर किंवा बर्मिंगहॅमचे अलाबामा थिएटर यांतले ऑर्गन जिथे होते तिथेच वाजतात आणि तिथेच राहावेत. पण १९६३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे फॉक्स थिएटर पाडले गेले, तेव्हा पर्याय थिएटर की घर असा नव्हता; घर की भंगार असा होता. ते १९२९चे थिएटर, साडेचार हजारांहून अधिक खुर्च्यांचे, आणि त्याचा ऑर्गन वुर्लिट्झरच्या सर्वोत्तम कामांपैकी. तो घेतला कॅलिफोर्नियाच्या विधानसभेतले सदस्य फ्रँक लँटरमन यांनी, आणि ला कान्याडा इथल्या आपल्या घरात बसवला. मनोरुग्णांच्या हक्कांच्या कायद्याला ज्यांचे नाव आहे ते हेच लँटरमन. त्यांच्यानंतर तो ऑर्गन डिस्नी कंपनीच्या ताब्यातल्या हॉलिवुडच्या एल कॅपिटन थिएटरात गेला आणि १९९०च्या दशकाअखेरीपासून तिथे चित्रपटाआधी वाजू लागला. न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरचा छत्तीस रांगांचा ऑर्गनही असाच निघाला आणि १९७२ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटाच्या सार्वजनिक सभागृहात उभा राहिला. डेन्व्हरच्या थिएटरातून निघालेला एक ऑर्गन ॲरिझोनातल्या मेसा गावी पिझ्झाच्या दुकानात रोज शेकडो लोक ऐकतात, चीजच्या वासात. जेवताना ऐकायचे संगीत म्हणून त्याला हसणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की मूळ श्रोतेही काही समाधी लावून बसत नव्हते.

उरतो इलेक्ट्रॉनिक रिलेचा वाद. मूळ वुर्लिट्झरमध्ये पट्टीवरचा इशारा योग्य त्या नळ्यांकडे वळवणारी, हजारो नाजूक धातुस्पर्शांची, कपाटाएवढी यंत्रणा असे. आज घरच्या बहुतेक ऑर्गनांत तिच्या जागी डब्याएवढे सर्किट बसते, आणि शुद्धतावादी त्याला मूळ वाद्याचा वध म्हणतात. नळी, वारा, कातडे, कंपन यांना हे सर्किट स्पर्शही करत नाही. ते फक्त तार कुठे जोडायची ते ठरवते, आणि जुना रिले शेजारच्या खोलीत धूळ झटकून ठेवला तर उद्या कुणी तो परत जोडूही शकेल. होप-जोन्स असता तर त्याने काय निवडले असते याबद्दल मला तरी शंका नाही. चर्चमधले कन्सोल उचलून आवारात नेणारा तो माणूस होता.